वाडा की वडा?

वेबसाइटला नाव शोधताना आपण ‘मिळतंय का’ एवढंच बघतो. ते ऐकून समोरच्याला लिहिता येईल का आणि वर्षभरानंतरही ते आपल्याकडेच राहील का, हे दोन प्रश्न राहूनच जातात. आमचेही राहिले होते.

‘‘आजी, लिहून घेताय ना? व्ही, ए, डी, ए...’’

‘‘थांब गं. व्ही म्हणजे तो दोन रेघांचा की चार रेघांचा?’’

‘‘दोन रेघांचा, आजी.’’

‘‘हं, लिहिलं. म्हणजे वडा झालं की हे!’’

फोनवर मी, आणि पलीकडे शनिवार पेठेतल्या ऐंशीच्या घरातल्या आजी. टीवायला असताना आम्ही चौघांनी पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांचे फोटो काढायला सुरुवात केली होती. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर, भिंतीतल्या देवळ्या, डोक्यावरचं कडीपाट. आज जो वाडा बघितला तो सहा महिन्यांनी तिथे असेलच याची खात्री नसायची. आजींचा वाडा तर रीडेव्हलपमेंटला निघालेलाच होता. त्यांनी आम्हाला दोन दुपारी चहा पाजला, घराचा कोपरा न् कोपरा दाखवला आणि एकच अट घातली, ‘‘जिथे कुठे टाकाल ते मला बघता आलं पाहिजे.’’

आम्ही ते सगळं एका वेबसाइटवर टाकलं. साइट चांगली झाली होती, हे आजही सांगते. गोंधळ झाला तो नावात. नावात ‘वाडा’ होता आणि त्याच्या आधी आणखी एक मराठी शब्द. पूर्ण नाव इथे लिहीत नाही, कारण ते आता आमचं राहिलेलं नाही. ते का, हे पुढे येईलच.

रात्री दीड वाजता मिळालेलं नाव

डोमेन नेम म्हणजे वेबसाइटचा पत्ता. कॉम्प्युटर एकमेकांना नंबरने ओळखतात, आपल्याला मात्र नंबर लक्षात राहत नाहीत. म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावाचा नंबर शोधून देणारी यंत्रणा मांडली, तीच ही डीएनएस. मोबाइलमधल्या काँटॅक्ट लिस्टसारखंच काम. आपण ‘आई’ असं शोधतो, फोन नंबर लावतो. फरक एवढाच की इथे सगळ्या जगाची मिळून एकच यादी असते. त्यामुळे एक नाव एकालाच मिळतं.

त्या यादीतली बरीचशी चांगली नावं कधीच गेलेली आहेत. हॉस्टेलच्या रूमवर चौघं लॅपटॉपभोवती बसून आम्ही एकामागून एक नाव टाकत होतो आणि समोर ‘टेकन’, ‘टेकन’, ‘टेकन’. डब्ल्यूवाला ‘वाडा’ गेलेला होता. रात्री दीडला व्हीवाल्या स्पेलिंगला हिरव्या अक्षरांत ‘अव्हेलेबल’ आलं. पहिल्या वर्षाला ९९ रुपये! एमएस्सीचा एक सीनियर तिथेच बसला होता. त्याने पटकन आपल्या ईमेलवर अकाउंट उघडलं आणि यूपीआयने पैसे भरले. आम्ही टाळ्या दिल्या आणि मॅगी केली.

या सगळ्यात ते नाव कुणीही एकदाही मोठ्याने उच्चारलं नाही. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये पोस्टर लागलं आणि पहिलीच कॉमेंट आली, ‘‘वडापावची साइट काढली काय रे?’’

फोनवर सांगून बघा

चांगल्या नावाची सगळ्यात सोपी परीक्षा फुकटात होते. मित्राला फोन लावा, नाव एकदाच सांगा आणि त्याला ते टाइप करून पाठवायला सांगा. स्पेलिंग सांगायचं नाही. व्हॉट्सॲपवर बरोबर आलं तर नाव पास. ‘‘मध्ये डॅश आहे का?’’, ‘‘टू म्हणजे आकडा की शब्द?’’ असं त्याने विचारलं, तर पुढची पाच वर्षं प्रत्येक माणूस हेच विचारणार आहे.

नियमांनुसार नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि डॅश चालतात आणि डॉटच्या आधीचा भाग ६३ अक्षरांपर्यंत लांब असू शकतो. पण चालतं म्हणून घ्यावं असं नाही. डॅश कुणी ‘मायनस’ म्हणतं, कुणी ‘आडवी रेघ’, आणि निम्मे लोक तो विसरतात. शब्द दोन, फार तर तीन. शिवाय ते जोडून लिहिल्यावर मधूनच भलता शब्द तयार होत नाही ना, हेही बघा. पत्त्यात मोकळी जागा नसते, त्यामुळे शब्द कुठे तोडायचा ते वाचणारा ठरवतो.

चलाखी करायचा मोह मोठ्यांनाही होतो. आवडत्या लिंका साठवून ठेवणारी ‘डिलिशस’ नावाची साइट २००३ मध्ये सुरू झाली. अमेरिकेच्या ‘डॉट यूएस’चा वापर करून त्यांनी त्या शब्दाच्या पोटातच दोन ठिकाणी टिंबं घातली होती. दिसायला भारी, पण टिंबं नेमकी कुठे हे लोकांच्या लक्षातच राहीना. २००८ मध्ये त्यांनी सरळ डॉट कॉमवालं साधं नाव घेतलं.

‘गूगल’ची गोष्ट मात्र उलटी. १९९७ मध्ये स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि त्याचे मित्र नाव शोधत होते. एकावर शंभर शून्यं म्हणजे ‘गूगोल’. नाव रिकामं आहे का ते बघताना शॉन अँडरसनने स्पेलिंगच चुकीचं टाइप केलं. ते चुकलेलं नाव शिल्लक होतं, पेजला आवडलंही, आणि १५ सप्टेंबर १९९७ ला त्याची नोंदणी झाली. म्हणजे शब्द डिक्शनरीतला नसला तरी हरकत नाही. नवा, छोटा, तोंडात बसणारा शब्द उलट सोपा पडतो, कारण तो आधी कुणी घेतलेला असण्याची शक्यता कमी.

एक ‘ए’ की दोन?

आता खास आपली अडचण. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले की त्यांचं एकच असं स्पेलिंग राहत नाही. एम-ए-एल-ए असं लिहिलं तर ते मला, माला, माळा की मळा? चौघंही तिथेच राहतात. के-ए-एल-ए म्हटलं तर कला, काळा, काला आणि कळा. इंग्रजी अक्षरांत ‘ळ’ नाही, ‘ड’ आणि ‘द’ एकाच ‘डी’मध्ये दाटीवाटीने बसतात, आणि ‘व’साठी व्ही की डब्ल्यू हे ज्याच्या त्याच्या सवयीवर. आमचा वाडा याच बोळात अडकला आणि त्याचा वडा झाला.

साधं गणित करून बघा. ‘गावाकडची’ हा किती गोड शब्द! पण ‘गा’ला एक ए की दोन? मग ‘वा’ला व्ही की डब्ल्यू? त्याच्या पुढे पुन्हा एक ए की दोन? शेवटी आय की डबल ई? चार ठिकाणी दोन-दोन पर्याय म्हणजे एकूण १६ स्पेलिंगं. त्यातलं एक तुम्ही घेतलंत. उरलेली १५ टाइप करणारे लोक कुठे जाणार?

याचा अर्थ मराठी नाव घेऊच नये असा नाही. पण शब्द असा निवडा, ज्याचं स्पेलिंग सगळे एकसारखंच करतात. घर, रंग, मित्र, दोस्त हे असे शब्द. कोल्हापूरसारख्या गावांच्या नावांना ठरलेलं इंग्रजी स्पेलिंग असतं, तेही उपयोगी पडतं. परीक्षा तीच. वर्गातल्या दहा जणांना शब्द सांगा आणि इंग्रजी अक्षरांत लिहून मागा. आठ-नऊ जणांचं सारखं आलं तर बिनधास्त घ्या. दोन तट पडले तर दोन्ही स्पेलिंगं घेता येतात आणि एक दुसऱ्याकडे वळवता येतं. पण दुसरं स्पेलिंग आधीच कुणाकडे असेल, तर नाव सोडून द्या. ‘‘ते डब्ल्यूवाले, आम्ही व्हीवाले’’ असं सांगत फिरण्यात काही अर्थ नाही. आम्ही वर्षभर सांगितलंय.

डॉटनंतर काय?

जगातलं पहिलं डॉट कॉम नाव ‘सिम्बॉलिक्स’ या कंपनीने १५ मार्च १९८५ ला घेतलं. तेव्हापासून ते शेपूट लोकांच्या बोटांत बसलंय. दुसरं काही सांगितलं तरी बोटं आपोआप डॉट कॉम टाइप करतात. त्यामुळे मिळालं तर पहिली पसंती त्याला. नाही मिळालं, तर तेच नाव डॉट कॉमवर कोण चालवतंय ते नक्की उघडून बघा. तुमच्या लहान मुलांच्या गोष्टींच्या साइटचं डॉट कॉमवालं भावंडं जुगाराचं असेल, तर पुढे त्रास तुम्हालाच आहे.

आपल्याकडच्या लोकांसाठी साइट असेल तर ‘डॉट इन’ उत्तम. २००५ पासून ते कुणालाही थेट घेता येतं. त्याचा कारभार ‘निक्सी’ ही संस्था बघते. संस्था, ट्रस्ट किंवा चळवळ असेल तर ‘डॉट ओआरजी’ शोभतं. ‘डॉट एसी डॉट इन’ शिक्षणसंस्थांसाठी राखीव आहे, त्यामुळे कॉलेजच्या नाट्यमंडळाला ते स्वतंत्रपणे घेता येणार नाही. हवंच असेल तर कॉलेजच्या साइटखाली जागा मागा.

स्टार्टअपवाल्यांना ‘डॉट आयओ’ आणि ‘डॉट एआय’ची फार हौस. पण दोन अक्षरी शेपटं देशांची किंवा प्रदेशांची असतात. ‘आयओ’ हे हिंदी महासागरातल्या ब्रिटिश प्रदेशाचं, तर ‘एआय’ कॅरेबियनमधल्या अँग्विला बेटाचं. ती महाग असतात आणि नियम तिकडचे चालतात. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या अनेकांना आपली ‘डॉट ईयू’ नावं सोडावी लागली, ते याचमुळे.

आणि चक्क देवनागरीत? मिळतं की! ऑगस्ट २०१४ मध्ये ‘डॉट भारत’ सुरू झालं आणि पहिल्या तुकडीतल्या भाषांमध्ये मराठी होती. यात वाडा हा वाडाच राहतो, वड्याची भानगड नाही. पडद्यामागे ब्राउझर ते नाव ‘एक्सएन’ आणि दोन डॅशने सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांत बदलून घेतो. अडचण एवढीच की काही ॲपमध्ये अशी लिंक निळी होत नाही, तर काही फॉर्म असा ईमेल पत्ता नाकारतात. मराठी कीबोर्डही सगळे वापरत नाहीत. म्हणून जोडीला एक इंग्रजी अक्षरांतलं नाव ठेवा आणि दोन्हीकडून एकच घर उघडू द्या.

दुसऱ्याच्या नावावर नको

२००४ च्या सुरुवातीला कॅनडातला माइक रो नावाचा सतरा वर्षांचा मुलगा जगभर बातम्यांत झळकला. वेब डिझाइन करणाऱ्या या मुलाने आपल्या नावापुढे ‘सॉफ्ट’ जोडून डॉट कॉम घेतलं होतं. मोठ्याने म्हणून बघा, माइक-रो-सॉफ्ट! मायक्रोसॉफ्टची नोटीस आली. त्यांनी नावासाठी १० डॉलर देऊ केले, त्याने १० हजार मागितले. शेवटी तडजोड झाली, त्याला एक्सबॉक्स वगैरे मिळालं आणि नाव मायक्रोसॉफ्टकडे गेलं. किस्सा म्हणून मस्त आहे, पण प्रत्येकाच्या वाट्याला एक्सबॉक्स येत नाही.

आपल्याकडेही याबाबत कायदा स्पष्ट आहे. ‘सत्यम इन्फोवे’ कंपनीने आपल्या नावातली काही अक्षरं घेऊन ‘सिफी’ हा शब्द तयार केला होता. दुसऱ्या एका कंपनीने त्यात एक जादा ‘एफ’ घालून ‘सिफीनेट’ घेतलं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २००४ मध्ये कोर्टाने ‘सिफी’च्या बाजूने निकाल दिला. डोमेन नेमलाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं, हे तेव्हा ठरलं. एखादं अक्षर वाढवून किंवा पुढे ‘माय’, मागे ‘इंडिया’ लावून प्रसिद्ध नाव आपलं होत नाही. नाव पक्कं करण्याआधी सरकारच्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर शोधा. हा शोध फुकट आहे.

आणखी एक गैरसमज. ब्राउझरमध्ये नाव टाकलं आणि काहीच उघडलं नाही, म्हणजे ते रिकामं आहे असं नाही. लोक नावं घेऊन नुसती ठेवून देतात. खरं उत्तर नोंदणी करणाऱ्या कंपनीच्या सर्चमध्ये किंवा ‘हूइज’ शोधात मिळतं. नाव आधी कुणी वापरून सोडलेलं आहे का, हे ‘इंटरनेट अर्काइव्ह’च्या ‘वेबॅक मशीन’वर दिसू शकतं. भाड्याने खोली घेताना आधी तिथे कोण राहत होतं ते विचारतो ना, तसंच हे.

नाव विकत मिळत नाही

भाड्याची खोली म्हटलं ते उगाच नाही. आपण सहज म्हणतो, ‘डोमेन विकत घेतलं.’ खरं तर ते भाड्याने मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. भाडं थकलं की घर गेलं. ९९ रुपये हे फक्त पहिल्या वर्षाचं आमिष, दुसऱ्या वर्षापासून खरा दर आणि वर जीएसटी. त्यामुळे घेताना ‘रिन्यूअल’चा आकडा आधी बघा.

विसरण्यात मोठमोठेही मागे नाहीत. १९९९ च्या ख्रिसमसला हॉटमेलच्या असंख्य लोकांना लॉगिनच करता येईना. कारण काय, तर त्यासाठी लागणारं ‘पासपोर्ट’ हे डॉट कॉम नाव रिन्यू करायचं मायक्रोसॉफ्ट विसरली होती. मायकल चेनी नावाच्या प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून ते चालू केलं.

आमच्यासाठी असं कुणी धावून आलं नाही. सीनियरने अकाउंट उघडलं होतं ते कॉलेजच्या ईमेलवर. मे महिन्यात तो पास आउट झाला आणि कॉलेजने तो ईमेल बंद केला. ‘मुदत संपतेय, पैसे भरा’ असे मेल त्या बंद पेटीत जात राहिले. जुलैत मुदत संपली. टीवाय संपवून आम्ही चौघं चार दिशांना गेलो होतो. साइट उघडून बघावी, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

खरं तर मुदत संपली की नाव लगेच जात नाही. आधी बहुतेक कंपन्या थोडी सवलत देतात. डॉट कॉमसारख्या नावांना त्यानंतर ३० दिवसांची आणखी एक संधी असते, पण तेव्हा दंड जबर असतो. मात्र चालत्या नावावर डोळा ठेवून बसलेले लोक असतात. त्या नावाच्या लिंका ठिकठिकाणी पसरलेल्या असतात, येणारी माणसं आयती मिळतात. पुष्कळ कंपन्या मुदत संपलेलं नाव सरळ लिलावात काढतात.

दिवाळीत आजींचा फोन आला. वाडा तोवर पडला होता आणि त्या मुलाकडे फ्लॅटमध्ये राहायला गेल्या होत्या. सुट्टीला आलेल्या नातवाला जुनं घर दाखवावं म्हणून त्यांनी वही काढली आणि एकेक अक्षर वाचून नाव सांगितलं. दोन रेघांचा व्ही, सगळं बरोबर.

‘‘अगं,’’ आजी म्हणाल्या, ‘‘तुमच्या वाड्यात आता पत्ते खेळतात की!’’

मी उघडून बघितलं. ऑनलाइन रमीची जाहिरात होती. आजी हसत होत्या. मला काय बोलावं ते सुचेना.

फोटो हार्ड डिस्कवर होते म्हणून वाचले. नाव मात्र गेलं ते गेलं. या वेळी आम्ही घाई केली नाही. पंधरा नावं कागदावर लिहिली, प्रत्येक नाव घरच्यांना फोनवर सांगून बघितलं आणि जी चुकीची लिहिली गेली ती खोडली. तीन उरली. त्यातलं एक डॉट इनवर मिळालं. त्यात वाडा नाही आणि डॅशही नाही. अकाउंट माझ्या स्वतःच्या ईमेलवर आहे, पासवर्ड आणखी एकीकडे आहे आणि पैसे एकदम पाच वर्षांचे भरलेत.

शेवटची परीक्षा आजींकडे होती. फोन लावला आणि नाव एकदाच सांगितलं, स्पेलिंग न सांगता. पलीकडून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला, मग आजींनी अक्षरं वाचून दाखवली. सगळी बरोबर होती.

‘‘हे बरंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता जुनं खोडू का?’’

चौकट : पैसे भरण्याआधी

- नाव फोनवर एकदाच सांगून समोरच्याला टाइप करायला लावलं का?
- दहा जणांनी इंग्रजी अक्षरांत एकच स्पेलिंग केलं का?
- जवळचं स्पेलिंग आणि डॉट कॉमवालं नाव कुणाकडे आहे, ते बघितलं का?
- ट्रेडमार्क सर्च केला का? इन्स्टा आणि यूट्यूबवर हेच हँडल मिळतंय का?
- दुसऱ्या वर्षाचा रिन्यूअलचा दर किती?
- अकाउंट कायम चालू राहणाऱ्या ईमेलवर आहे ना? कॉलेजचा ईमेल नको. साइट दुसऱ्याने बनवून दिली तरी नाव तुमच्याच अकाउंटवर हवं.
- पासवर्ड किमान दोघांकडे आहे का? मुदतीची तारीख कॅलेंडरमध्ये टाकली का?